फणसाचा ओंडका घरीच कापायचाय, घोडी कशी करावी?

पुढे वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. राजापूरकडच्या तुमच्या घरी पावसाळ्यात खळ्याच्या कडेचा फणस पडला. खोडाचा दहा फुटांचा सरळ भाग शिल्लक आहे, जाडी साधारण दीड फूट. आजोबांच्या वेळची दोन माणसांची लांब करवत माळ्यावर सापडली. पाणंद अरुंद, त्यामुळे गिरणीवाल्याचा टेम्पो आत येत नाही आणि अख्खा ओंडका रस्त्यापर्यंत नेणं शक्य नाही. म्हणून तुम्ही आणि चुलतभाऊ हातानेच फळ्या काढायचं म्हणताय. घोडी, म्हणजे कापताना लाकूड ज्यावर ठेवायचं तो पायांचा लाकडी टेकू, किती उंच करावी, चार पायांची की फुलीची, की त्यापेक्षा खड्डा खणावा, एवढंच तुम्हाला विचारायचंय.

उंचीचा आकडा देतो, पण तो सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो. तुमची अडचण उंचीची नाहीच. तुम्हाला तीन वेगवेगळे काप घ्यायचे आहेत: ओंडक्याचे तुकडे करायचा आडवा काप, तुकड्यांतून फळ्या काढायचा उभा काप, आणि निघालेली फळी मापात आणायचा बारीक काप. तिन्हींत लाकूड वेगवेगळ्या तऱ्हेने वाकतं, म्हणून तिन्हींना टेकू वेगळा लागतो. एकाच घोडीवर तिन्ही कामं उरकायला गेलात तर करवत पहिल्याच दिवशी अडकून बसेल.

त्याआधी एक कोरडी गोष्ट. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, ऐन, किंजळ यांच्याबरोबर फणसही आहे. झाड आपोआप पडलेलं असलं, तरी करवत लावण्याआधी वनपालाला भेटून लेखी काय लागतं ते विचारा. माल गावाबाहेर न्यायचा असेल तर वाहतूक परवान्याचंही त्याच फेरीत विचारून घ्या.

आता वजन. ओलं लाकूड घनफुटाला २५ ते ३० किलो धरा. तुमचा ओंडका भरतो १७–१८ घनफूट, म्हणजे साडेचारशे ते सव्वापाचशे किलो. दोन माणसांनी हा उचलून कशावर ठेवायचा नसतो, लोळवायचा असतो. त्यामुळे पहिला आडवा काप घोडीवर नाहीच, जमिनीवरच घ्यायचा.

आडव्या कापात करवत अडकते ती दातांमुळे कमी आणि टेकूमुळे जास्त. ओंडक्याच्या दोन्ही टोकांखाली टेकू आहे आणि तुम्ही मधे कापताय, असं धरा. मधला भाग स्वतःच्या वजनाने खाली झुकतो. खालची बाजू ताणली जाते, वरची दाबली जाते. तुम्ही वरून कापताय, म्हणजे दाबल्या जाणाऱ्या बाजूने. तिसरा हिस्सा कापून होतो न होतो तोच फट मिटते आणि पातं चिमटीत सापडतं. मग लोक जोर लावतात, तेल घालतात, करवतीला शिव्या देतात. करवतीचा काही दोष नसतो.

उलट, टेकू कापाच्या अलीकडे असेल आणि पुढचा तुकडा अधांतरी असेल, तर वरची बाजू ताणली जाते, फट आपोआप उघडत जाते आणि करवत हलकी चालते. म्हणून ओंडक्याखाली मनगटाएवढ्या जाडीच्या दोन दांड्या आडव्या घाला. त्यातली एक कापाच्या रेघेपासून वीतभर अलीकडे. दांडी कापापासून लांब राहिली तर ओंडका थरथरतो आणि दात उड्या मारतात. जवळ असेल तर तो मुका राहतो. धोका एकच, शेवटची दोन-तीन बोटं उरली की अधांतरी तुकडा वजनाने तुटून खाली येतो आणि सोबत खालच्या अंगाची लांब चिरफाळी ओढून नेतो. ती चिरफाळी म्हणजे तुमच्या चांगल्या फळीचाच भाग. म्हणून त्या तुकड्याखाली एक ठोकळा सरकवून ठेवा, पण घट्ट ठोकू नका, बोटभर अंतर सोडा. फट उघडायला तेवढी मोकळीक हवी आणि तुकडा पडला तर तेवढ्यावरच थांबावा.

दोन्ही अंगांना लोळण्याविरुद्ध पाचरी मारायला विसरू नका. खळ्याला उतार असेल तर तुम्ही दोघंही उताराच्या बाजूला कधीच उभे राहू नका.

फणसाबद्दल एक खास सूचना. खळ्याच्या कडेच्या झाडाला पिढ्यान्‌पिढ्या कपड्यांच्या दोरीचे, कंदिलाचे, कुंपणाच्या तारेचे खिळे ठोकलेले असतात आणि झाड ते गिळून टाकतं. साल काढून खोडावर काळपट डाग दिसतो का बघा आणि जमलं तर जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक फिरवून घ्या. एका खिळ्यावर सगळे दात जातात. आणि सालीतला चीक पात्याला धरतो. गरे काढताना हाताला लावता तेच खोबरेल इथेही चालतं. चिंधीने पात्याच्या दोन्ही अंगांना पुसत राहा.

मग तुकडे किती लांबीचे करायचे? हे तुम्हाला फळ्या कशाला हव्यात त्यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. दारं करायची असतील तर साडेसहा-सात फूट लांबी लागेल आणि मग उभ्या कापाची सगळी गणितं बदलतात. पाट, देव्हारा, मांडणी, खिडकीची झडप एवढंच असेल तर चार फुटांचे दोन तुकडे काढा. बुंध्याकडचा फुगीर भाग आणि वरचा फाटा फुटतो तिथला पीळ टाकून द्या, तेवढ्याने दहा फूट संपतात. नवख्या माणसांनी चार फुटांच्या वर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारण पुढे येतंच.

लांब ओंडके चिरायची आपल्याकडची जुनी रीत तुम्ही थोरामोठ्यांकडून ऐकली असेल. दोन जाड वासे फुलीत बांधून कैची उभी करायची, ओंडका तिच्यावर तिरका टेकवायचा, एक टोक जमिनीत, दुसरं टोक डोक्याएवढं हवेत. एक करवत्या ओंडक्यावर उभा, दुसरा खाली. वरचा रेघ सांभाळतो आणि करवत उचलतो, खालचा ओढून कापतो. वरचा अर्धा भाग चिरून झाला की ओंडका फिरवून दुसरं टोक वर घ्यायचं. डोंगरउतार असेल तर मेरेच्या काठावरून ओंडक्याचं एक टोक बाहेर काढून तेच काम व्हायचं. त्यात कैचीचा खर्च वाचायचा. जपानी चित्रकार होकुसाईने १८३० च्या सुमारास काढलेल्या फुजी पर्वताच्या चित्रमालेतही असंच एक दृश्य आहे: प्रचंड तुळई तिरकी टेकवलेली, एक जण वर चढून कापतोय, एक खालून. आणि बाजूला बसून एक माणूस करवतीला धार लावतोय. ज्याने ते चित्र काढलं त्याने काम नीट पाहिलं होतं, कारण चिरकामात निम्मा वेळ कानशीचाच असतो.

पण ही रीत तुमच्यासाठी नाही. वीस फुटांच्या ओंडक्याला कैची लावली तर चढ सौम्य राहतो. दहा फुटांच्या ओंडक्याचं टोक सहा फूट उचललं तर चढ इतका उभा होतो की वर उभ्या राहणाऱ्याला तोल सांभाळण्यातच सगळी ताकद घालवावी लागते. त्यात सालीचा चीक, भुसा, आणि खाली तुमचा भाऊ.

खड्ड्याचंही तसंच. इंग्लंडात गावोगाव आणि जहाजांच्या गोद्यांत करवतीचे खड्डे असत, माणूस उभा राहील एवढे खोल, काठावर आडव्या तुळया टाकून त्यांवर ओंडका. ज्याला वर्षभर चिरकाम आहे त्याला ते परवडतं. कोकणात वरची माती फुटा-दोन फुटांत संपते आणि खाली जांभा लागतो. तो फोडून सहा फूट खाली जायची मजुरी फळ्यांच्या किमतीच्या वर जाईल, आणि पावसाळ्यात त्याची विहीर होईल ती वेगळीच. खणू नका.

तुम्हाला जमेल अशी रीत म्हणजे तुकडा उभा करून चिरणे, दोघांचेही पाय जमिनीवर. चार फुटांचा दीड फुटी तुकडा पावणेदोनशे ते दोनशे दहा किलो भरतो. तिघं-चौघं मिळून पहारीने तो उभा करता येतो. त्याचा टेकू असा करा.

बुंध्याशी पाच-सहा इंच जाड असे दोन खांब घ्या, सुरूचे किंवा आकेशियाचे चालतील, डोक्याला बेचकं असेल तर उत्तम. एकमेकांपासून अडीच फुटांवर, अडीच फूट खोल पुरा आणि भोवती जांभ्याच्या कपच्या ठासा. नुसती माती ठासली तर दुसऱ्या दिवशी खांब डुलतो. जमिनीपासून तीन फुटांवर दोघांना जोडणारा आडवा दांडा घाला. तो बेचक्यात बसत असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर खांबाला अंगठ्याएवढी खाच पाडून त्यात दांडा बसवा आणि सुंभाने आवळा. नुसता सुंभ बांधून खाच न पाडणं ही नेहमीची हयगय. दोर सैल पडला की दांडा घसरतो, खाच असेल तर तो घसरायला जागाच राहत नाही. सुंभ रोज सकाळी पुन्हा आवळायचा, हे कामाचाच भाग समजा.

आता तुकडा या दांड्याला पाठ टेकवून उभा करायचा, माथा किंचित मागे कललेला. तळाला चार बोटं खोल खळगा करा आणि पुढच्या अंगाला एक चिरा अडवा, म्हणजे बुडखा पुढे सरकणार नाही. तळापासून फूटभर उंचीवर सुंभाचे दोन वेढे तुकड्याभोवती घेऊन खांबांना बांधा. मग खांद्याने रेटून बघा. काहीही हललं तर काम सुरू करायचं नाही, कारण जे हाताने हलतं ते करवतीखाली नाचतं.

दोघं तुकड्याच्या डाव्या-उजव्या अंगाला समोरासमोर उभे राहा. करवत दांड्याला समांतर चालते, म्हणून दांडा आणि खांब कधीच कापात येत नाहीत. फळ्या पुढून मागे सुटत जातात आणि शेवटपर्यंत मागचा भाग दांड्याला टेकलेला राहतो. काप छातीच्या उंचीवर सुरू होतो आणि खाली सरकतो. निम्म्यापर्यंत आलात की थांबा. त्याखाली पाठ वाकते, आणि पाठ वाकली की रेघ सुटते. सगळ्या रेघांचे वरचे निम्मे काप पुरे करा, मग तुकडा उलटा करून दुसऱ्या टोकाकडून खाली या आणि काप मधे भेटवा. दोराचा वेढा तळाशी असल्यामुळे तो कुठल्याही कापाच्या आड येत नाही. उलटल्यावर तो पुन्हा तळाशीच बांधायचा.

काप मधे भेटतील की नाही हे रेघांवर ठरतं. तुकडा आडवा असतानाच दोन्ही टोकांच्या गोलावर ओळंबा लावून मधली उभी रेघ काढा. मधे तुकडा जराही लोळता कामा नये. त्या रेघेच्या दोन्ही अंगांना फळीची जाडी अधिक पात्याची फट मोजत चला. मग कावेत किंवा काजळीत भिजवलेलं सूत दोन टोकांच्या खुणांवर ताणून दोन्ही अंगांना मारा. साल काढल्याशिवाय सूत उठत नाही. फळी सव्वा इंचाची धरा. वाळताना आणि रंध्याखाली पाव इंच जातोच. फणसाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून पाचरी मारून फोडायचा मोह टाळा. फूट तुमच्या रेघेवरून जाणार नाही.

पाचर मात्र लागतेच, फट उघडी ठेवायला. वीतभर काप झाला की मागे एक बारीक पाचर हाताने बसवा, हातोड्याने ठोकू नका. जोरात ठोकली तर पुढे चीर पळते. पहिला बाहेरचा फाळका सुटायला आला की वरून दोर टाकून धरा. सालीसकट तो वीस-पंचवीस किलोचा असतो आणि नेमका पायावर येतो. आणि ज्याने ओढायचं त्याने ओढावं, दुसऱ्याने नुसतं मागे जाऊ द्यावं. दोघांनी ढकलायला सुरुवात केली की पातं वाकतं.

थोडक्यात इथवरचं: तुकडे पाडायचे जमिनीवर, दांडी कापाजवळ आणि पुढचा भाग अधांतरी. फळ्या काढायच्या तुकडा उभा करून, दांड्याला टेकवून. घोडीची गरज आत्ता कुठे येते, फळ्या निघाल्यावर.

फळीसाठी दोन घोड्या करा. उंची तुमच्या गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटं. पाच फूट सहा इंचांच्या माणसाला साधारण १६–१७ इंच होतात. एक गुडघा फळीवर टेकवून तिला दाबून धरायचं, डोळा बरोबर रेघेवर, हात खांद्यापासून सरळ. उंच घोडीवर हात कोपरात मोडतो आणि करवत आडवी पडते. आपले जुने सुतार खाली बसून, फळी ठोकळ्यावर ठेवून पायाने धरत. त्यांना घोडी लागतच नसे. तुमचे गुडघे साथ देत असतील तर आजही त्यासारखं स्वस्त काही नाही. पण ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याला ते तासाभरात जड जातं.

घोडीची वरची तुळई चार बाय तीन इंच, लांबी अडीच फूट. पाय दोन्हीकडे फाकलेले, चार इंच खाली आलं की एक इंच बाहेर एवढे. सगळी मेख पायाच्या सांध्यात आहे. पाय तुळईच्या अंगाला नुसता खिळ्यांनी ठोकलात तर सगळं वजन खिळ्यांवर येतं आणि महिन्याभरात घोडी पाय पसरते. त्याऐवजी तुळईच्या अंगाला तिरकी खाच पाडा, वर खोल आणि खाली उथळ, आणि पायाचा माथा त्यात असा बसवा की खाचेच्या वरच्या काठाला त्याचा खांदा टेकेल. मग वजन पडेल तितका पाय आणखी घट्ट बसतो. स्क्रू फक्त त्याला जागेवर धरायला, आणि तेही खालच्या भागात. तुळईच्या वरच्या दोन इंचांत लोखंड नको. वर एक हलक्या लाकडाची पट्टी लाकडी खुंट्यांनी बसवा. तिच्यात करवत गेली तरी हरकत नाही, खराब झाली की बदलायची. सागवान यासाठी वापरू नका, उगाच उधळपट्टी.

खळं कधी सपाट नसतं. म्हणून दोनांपैकी एक घोडी तीन पायांची करा, ती कुठेही डगमगत नाही. चार पायांची भिंतीकडे सपाट जागी ठेवा. शेणाने सारवलेल्या जमिनीत पाय रुततात, खाली फळकुट घाला.

फुलीची घोडी, म्हणजे दोन-दोन दांडे फुलीत बांधून आडव्या दांडीने जोडलेली, ती गोल फांद्यांसाठी. फाटे जळणाला कापायचे असतील तर नक्की करा. दोन फुल्यांत फुटाचं अंतर ठेवा आणि काप नेहमी फुल्यांच्या बाहेर घ्या, मधे नाही. कारण वर सांगितलंच आहे.

फळ्या निघाल्या की लगेच टोकांना जुना ऑइलपेंट फासा आणि सावलीत, मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी लावा. इंचाला वर्ष असा वाळण्याचा ठोकताळा. पांढरा भाग, म्हणजे सालीलगतचा, किडीला लवकर बळी पडतो. तो आधीच काढून टाका. पिवळा गाभा टिकतो.

आता जी गोष्ट खरं तर सगळ्यात आधी तपासायची ती. माळ्यावरच्या करवतीचे दात बघा. दात एका बाजूला झुकलेले, पटाशीसारखे सपाट टोकाचे असतील तर ती उभ्या कापाची, म्हणजे फळ्या काढायची करवत. दात दोन्हीकडे सारखे उतरते, त्रिकोणी, एकाआड एक तिरकी धार असलेले असतील तर ती आडव्या कापाची. तिने तुकडे लोण्यासारखे पडतील, पण फळ्या काढायला गेलात तर दिवसभरात वीतभरही पुढे सरकणार नाही, टेकू कितीही चांगला असो. तशी निघाली तर खांब पुरू नका. चार फुटांचे तुकडे पाडा, हातगाडीने पाणंदीतून रस्त्यावर आणा आणि तिथून गिरणीत पाठवा. अख्खा ओंडका नेता येत नव्हता, तुकडे नेता येतील. दाताचा जवळून एक फोटो टाका, कुठली आहे ते सांगतो.